मुळांसकट दिलेली फुले

मी कविता लिहितो. गेल्या तीस वर्षांत फुलांवर किती ओळी खर्ची घातल्या, त्याचा हिशेब नाही. मोगरा, निशिगंध, अबोली, प्राजक्त सगळे वापरून झाले. मुळांवर मात्र एकही ओळ लिहिली नव्हती. कारण साधे आहे. मुळे कधी नीट पाहिलीच नव्हती. ती पाहण्याची वेळ आली आमच्या वसाहतीतल्या बागेमुळे, आणि तीही एक जुने झाड माझ्या हातून मेल्यावर.

सोलापूरच्या हद्दीला लागून आमची वसाहत आहे. निवृत्त गिरणी कामगार, शिक्षक, एसटीतली माणसे, चार-दोन दुकानदार अशी मिश्र वस्ती. मधोमध आराखड्यात सोडलेली दहा-बारा गुंठे मोकळी जागा. तिथे गाजरगवत आणि बांधकामाचा राडारोडा यांचेच राज्य होते. २०२२ साली सगळ्यांनी मिळून ती साफ केली आणि बाग करायचे ठरवले. वर्गणीचे पैसे कुंपण आणि पाण्याची टाकी यांतच संपले. तेव्हा एका शिक्षिकाबाईंनी तोड काढली. प्रत्येक घराने आपल्या अंगणातले एक फुलझाड बागेला द्यायचे. हंगामी फुले नकोत, त्यांचे बी दर वर्षी आणावे लागते. एकदा लावले की वर्षानुवर्षे फुलणारे, म्हणजे बहुवर्षायू झाड द्यायचे.

लोकांनी हात सैल सोडला. मे महिन्यातला रविवार ठरला, कारण मुलांना सुट्टी होती. ४२ झाडे आली. भर दुपारपर्यंत कुदळी चालल्या. फुललेली झाडे टोपल्यांत घालून मिरवत आणली. फोटो निघाले. मी एक कविताही वाचली. गणपती बसेपर्यंत त्या ४२ पैकी ११ झाडे उरली होती.

मेलेल्यांत समोरच्या काकूंचा मोगरा होता. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांनी लावलेला. यजमान गेले, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, घर विकले. घेणारे अंगणात फरशी घालणार होते. काकू म्हणाल्या, "भाऊ, घराचं काही वाटत नाही. एवढा मोगरा तुमच्या बागेत न्या." अम्मीच्या कबरीवर वाहायची फुले मी त्याच झाडाची नेत असे. त्यामुळे कुदळ मीच हातात घेतली. झाड कळ्यांनी लगडले होते. खणताना कट्‌कट् आवाज येत होता. मला वाटले, माती घट्ट आहे. आठव्या दिवशी पाने करपली, महिन्याभरात काड्या उरल्या. पुढे पुण्याहून काकूंचा फोन आला. "मोगरा कसा आहे?" मी म्हणालो, "छान आहे, काकू." ते खोटे मी वर्षभर सांभाळले.

आमच्या गल्लीत एक बागवानचाचा राहतात. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या रोपवाटिकेच्या धंद्यात गेल्या. मेलेला मोगरा त्यांनी हातात घेतला आणि उलटा करून आधी बुडखा पाहिला. मग म्हणाले, "शायरसाहेब, तुम्ही फुलं आणलीत. झाड तिथंच राहिलं."

त्यांच्या या बोलण्यात पुनर्लागवडीचे सारे शास्त्र आहे. ते थोडे उलगडून सांगतो.

आपल्याला दिसतात ती जाड मुळे झाडाला धरून ठेवतात. पाणी मात्र प्रामुख्याने शोषले जाते ते कोवळ्या मुळांच्या टोकांजवळच्या अतिशय बारीक केसांतून. त्यांना शास्त्रीय भाषेत मूलरोम म्हणतात. १९३७ साली अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ हॉवर्ड डिटमर यांनी राय या धान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळे धुऊन त्यांचा हिशेब मांडला. दोन घनफुटांहूनही कमी मातीत मुळांची एकूण लांबी ६०० किलोमीटरच्या वर भरली आणि मूलरोमांची संख्या सुमारे १४०० कोटी! हे केस मातीच्या कणांना चिकटलेले असतात. झाड हिसकले की ते तुटतात आणि मातीतच राहतात. ज्या झाडाला आपण 'मुळांसकट काढले' म्हणतो, त्याची पाणी पिणारी तोंडे बहुतेक जुन्या जागीच राहिलेली असतात.

दुसरी बाजू पानांची. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून झाड सतत वाफ सोडत असते. इंग्लंडमधले एक धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी कुंडीतले सूर्यफूल तराजूत तोलून हे मोजले. कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले, म्हणजे मातीतून पाणी उडायला नको. साडेतीन फुटांचे ते झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरी अर्ध्या किलोहून जास्त पाणी हवेत सोडत होते. १७२७ साली छापलेल्या पुस्तकात त्यांनी हे नोंदवले आहे.

आता सोलापूरचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पारा चाळिशीच्या वर, वारा कोरडा. वरून पाने पाणी सोडत आहेत आणि खालून पाणी देणारी तोंडे तुटलेली आहेत. घरात मिळकत बंद आणि खर्च तोच, अशी झाडाची अवस्था होते. त्यात ते फुलावर असेल तर खर्च आणखी वाढतो. आम्ही टाकीभर पाणी ओतत होतो, पण ते पिणार कोण?

म्हणजे पुनर्लागवडीची युक्ती एकच. मुळे शक्य तितकी वाचवायची आणि नवी फुटेपर्यंत पानांचा खर्च कमी ठेवायचा. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात.

पहिला नियम वेळेचा. झाड देणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची सोय पाहायची नाही, झाडाची पाहायची. आपल्याकडे पाऊस स्थिरावल्यावरचे ढगाळ दिवस सर्वांत चांगले. हवेत ओल असते, पानांतून पाणी कमी उडते. दिवसातली वेळ संध्याकाळची, म्हणजे पुढची रात्र झाडाला विसाव्याला मिळते. फुलांचा बहर चालू असेल तर तो ओसरू द्यावा. तेवढे थांबता येत नसेल तर कळ्या-फुले खुडून टाकावीत. याला जीव धजावत नाही, पण कळ्या वाचवायच्या की झाड, हे ठरवावेच लागते.

दुसरा नियम काढण्याचा. आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्यावे. ओली माती मुळांना धरून राहते. झुडपाच्या खोडापासून वीतभर किंवा अधिक अंतरावर गोल चर खणावा, मग खालून तिरके खणत जावे. खोड धरून ओढायचे नाही. मातीचा गोळा सुटा झाला की त्याखाली गोणपाट सरकवावे आणि बांधून घ्यावे. रोपवाटिकेत या गोळ्याला हुंडी म्हणतात. हुंडी फुटली की झाड बुडाले. जुने झुडूप हलवायचे असेल तर आणखी सबुरी हवी. महिना-दीड महिना आधी भोवतीचा अर्धाच चर खणून तिथली मुळे धारदार पहारीने कापावीत आणि माती परत भरावी. तुटलेल्या टोकांना हुंडीच्या आतच नवी बारीक मुळे फुटतात. मग उरलेला अर्धा भाग कापून झाड उचलावे.

तिसरा नियम छाटणीचा. मोगरा, जास्वंद, तगर, अनंत अशा झुडपांच्या फांद्या निम्म्या तरी कमी कराव्यात. मुळांची जेवढी तूट झाली, तेवढा पानांचा भार उतरवायचा. पहिल्या वर्षी आम्ही छाटणी केली नाही, कारण दिलेले झाड कापले तर देणाऱ्याला वाईट वाटेल असे वाटले. मेलेले झाड पाहून त्याला जास्त वाईट वाटते.

चौथा नियम खड्ड्याचा. झाड उचलण्याआधी खड्डा तयार हवा. आमची माती काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात पाणी धरून ठेवणारी. अशा जमिनीत खड्डा भुसभुशीत खताने गच्च भरला तर तो हौद होतो आणि मुळे कुजतात. म्हणून खड्ड्यातलीच माती घ्यावी, तिच्यात चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी आणि जमिनीपेक्षा थोड्या उंच वरंब्यावर झाड लावावे. शेण ताजे नको. त्याने मुळे भाजतात, शिवाय हुमणी आणि वाळवीला आमंत्रण जाते. झाड आधी जेवढे मातीत होते, तेवढेच पुन्हा मातीत जावे. खोड जास्त गाडू नये. माती हाताने दाबून आत हवेची पोकळी राहू देऊ नये, आळे करून सावकाश पाणी द्यावे आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. आठ-दहा दिवस पश्चिमेकडून फांद्यांचा किंवा जुन्या साडीचा आडोसा करावा. रासायनिक खताची महिनाभर आठवणही काढू नये. मुळे फुटण्याआधी दिलेले खत म्हणजे तापातल्या माणसाला बिर्याणी.

हे झाले झुडपांचे. पण सगळी बहुवर्षायू फुले एका रीतीने हलत नाहीत. निशिगंधाचे कंद असतात. दोन-तीन वर्षांत ते एकमेकांत दाटतात आणि फुले लहान होतात. पाने पिवळी पडल्यावर कंद उकरून वेगळे करावेत, मोठे निवडून चार बोटे खोल लावावेत. कर्दळ आणि सोनटक्का यांचे जमिनीतले खोड तोडून घेता येते, मात्र प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा हवा. शेवंतीचा बहर संपला की बुडातून फुटवे येतात. ते मुळांसह अलग करून जपावेत आणि पावसाळ्यात बागेत लावावेत. या झाडांच्या बाबतीत देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. दाटी मोडल्याने त्याचेही झाड सुधारते. देवचाफ्याची गंमत उलटी. त्याची फांदी कापून लगेच लावली तर कुजते. काही दिवस सावलीत ठेवून चीक वाळू द्यावा आणि मग लावावी. सदाफुलीचे जुने झाड हलवण्याच्या भानगडीत पडू नये. तिच्या खाली आपोआप उगवलेली लहान रोपे उचलावीत. आणि प्राजक्ताचा मोठा वृक्ष कोणी देऊ केला तर नम्रपणे नको म्हणावे, बी मागावे.

ही यादी करताना एक गोष्ट लक्षात आली. निशिगंध मूळचा मेक्सिकोकडचा, सदाफुली मादागास्करची, देवचाफा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला, शेवंती चीनची. देवळाच्या परडीत आणि दर्ग्याच्या चादरीवर आपण ज्यांना आपली म्हणतो, त्यांतली कितीतरी फुले कोणी ना कोणी दुरून आणलेली आहेत. पूर्वी गलबतावरून नेलेली रोपे खाऱ्या वाऱ्याने आणि तहानेने वाटेतच मरत. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना बंद काचेच्या बरणीत नेचे आपोआप वाढलेले दिसले आणि त्यातून काचेची पेटी तयार झाली. आतल्या पानांनी सोडलेली वाफ काचेवर जमते, ओघळून पुन्हा मातीत जाते. १८३३ साली अशा दोन पेट्या लंडनहून सिडनीला गेल्या आणि रोपे जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची हजारो रोपे हिंदुस्थानात आणली, ती अशाच पेट्यांतून. आपल्या घरी हीच युक्ती फुकटात होते. मोगऱ्याची किंवा जास्वंदीची छाट कुंडीत खोचावी, वर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी उपडी घालावी आणि कुंडी सावलीत ठेवावी. आतली हवा दमट राहते आणि मुळे फुटेपर्यंत छाट तग धरते.

देणगीबरोबर न मागितलेलेही येते, तेही सांगायला हवे. आमच्या पहिल्या वर्षीच्या झाडांसोबत लव्हाळा आला. त्याच्या बारीक गाठी मातीत लपून येतात आणि एका गाठीचा पसारा होतो. आजही आम्ही तो उपटतो आहोत. जास्वंदीबरोबर पिठ्या ढेकूण येतो, आणि त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या. म्हणून आता आलेले प्रत्येक झाड आम्ही पारखून घेतो. पानांची खालची बाजू पाहतो. हुंडीच्या वरच्या थरात लव्हाळ्याच्या गाठी असतील तर तो थर खरवडतो. अबोलीच्या मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचे काम असते, असे झाड बागेत घेत नाही. देणाऱ्याला तसे सांगताना अवघड होते. पण एकाचा मान राखण्यासाठी सगळ्यांची बाग पणाला लावता येत नाही.

झाडाबरोबर त्याची माहितीही मागून घ्यावी. किती वर्षांचे आहे? ऊन किती तास मिळत होते? पाणी कधी घालत होता? सावलीतले झाड एकदम भर उन्हात लावले तर मुळे शाबूत असूनही पाने भाजतात. आमच्याकडे आता शंभर पानी वही आहे. तिच्यात झाड, देणारे घर, जुनी जागा आणि पाण्याची पाळी कोणाची, एवढे लिहिलेले असते. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. सगळ्यांच्या बागेत झाड लावायला पन्नास माणसे येतात आणि दुसऱ्या आठवड्यात पाणी घालायला कोणी नसते.

दुसरी लागवड २०२३ साली. त्या वर्षी मृग कोरडा गेला. लोक घाई करत होते, चाचा ढगांकडे बोट दाखवून थांबवत होते. अखेर जुलैच्या उत्तरार्धात ३६ झाडे लावली. आणि मग ऑगस्ट आला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. वहीतल्या पाळ्या तेव्हा कामी आल्या. मुलांनी, आजोबांनी, रात्रपाळी करून आलेल्यांनी बादल्या वाहिल्या. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा मातीचा वरचा दोन बोटे थर वाळला की मग खोलवर पाणी, असा नियम ठेवला. माती ओली असून पाने मलूल दिसली तर पाणी थांबवायचे, कारण तेव्हा मुळे गुदमरत असतात. काही झाडांची सगळी पाने गळली. ती उपटून टाकायला निघालेल्या एका तरुणाचा हात चाचांनी धरला आणि फांदीची साल नखाने खरवडून दाखवली. आत हिरवी होती. आत हिरवे आहे तोवर झाड जिवंत आहे. पाने गाळून ते आपला खर्चच कमी करत असते. त्या वर्षी ३६ पैकी ३१ झाडे जगली.

आता काकूंच्या मोगऱ्याची गोष्ट. त्या जुलैत वही भरताना मोगऱ्याचा रकाना रिकामा राहिला आणि मला तो पाहवेना. मी पुण्याला फोन लावला. म्हटले, "काकू, मी खोटं बोललो. मोगरा गेल्या वर्षीच गेला. मी मे महिन्यात, भर बहरात खणला. चूक माझी." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग काकू म्हणाल्या, "अहो भाऊ, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? बार्शीला माझ्या धाकट्या बहिणीच्या दारात त्याच मोगऱ्याचं झाड आहे. ह्यांनीच फांदी दाबून करून दिलं होतं."

वर्षभर मी ज्या खोट्याने त्यांना जपत होतो, त्याच खोट्याने त्यांचे झाड अडवून ठेवले होते.

मी एसटीने बार्शीला गेलो. या वेळी कुदळ नेली नाही. झाडाची एक खालची लवचीक फांदी निवडली, मधोमध सालीला छोटा तिरपा छेद दिला, तेवढा भाग वाकवून मातीत दाबला, वर दगड ठेवला आणि शेंडा बाहेर राहू दिला. याला दाब कलम म्हणतात. फांदीला आईच्या झाडाकडून पाणी मिळत राहते आणि दाबलेल्या जागी सावकाश स्वतःची मुळे फुटतात. बहीणबाईंनी पाणी घातले. ऑक्टोबरात फांदी आईपासून कापली, आणखी पंधरा दिवस तिथेच राहू दिली आणि मग हुंडीसह मांडीवर घेऊन सोलापूरला आणली. त्या दिवशी फोटो काढला नाही आणि कविताही वाचली नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात तो मोगरा भरून फुलला. पहिली ओंजळ मी अम्मीच्या कबरीवर नेली. दुसरी काकूंना पाठवायची होती, पण फुले पुण्याला पोचेपर्यंत कोमेजली असती. म्हणून त्या पावसाळ्यात दोन फांद्या दाबल्या. त्यांतले एक रोप काकूंच्या मुलाच्या सज्जातल्या कुंडीत गेले. दुसरे बागवानचाचांनी मागून घेतले. त्यांचे म्हणणे असे, की चांगले झाड एकाच जागी ठेवू नये. चार घरी असले म्हणजे एका घरची चूक भरून निघते.

तुमच्या दारात असे एखादे जुने झाड असेल आणि घर सोडायची, अंगण फरशीखाली जायची वेळ आली असेल, तर ते जरूर द्या. मात्र शेवटच्या दिवशी देऊ नका. एक पावसाळा आधी द्या, आणि त्याची एक फांदी दुसऱ्या कोणाच्या दारी दाबून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)